दादाचा वाकडा सुळा

त्याला सगळे बत्तीशी म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण कवळ्या बनवणाऱ्या माणसाला त्या नावानं कोण कशाला हाक मारेल? आणि गंमत म्हणजे, अख्ख्या गावाच्या तोंडात दात बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात उजवीकडच्या दोन दाढाच नाहीत. बायको कधीची मागे लागलीय, "अहो, आधी स्वतःचं तोंड बघा." तर हा म्हणतो, "मागचं कुणाला दिसतंय?" आणि हसताना तोंडावर हात धरतो तो धरतोच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबोडकी खोली आहे, तिथं त्याचं काम चालतं. बाई पुढे माणसाच्या तोंडाचं माप घेतात आणि मधल्या खिडकीतून आत सरकवतात. मग प्लास्टर कालवा, साचा काढा, मेणात एकेक दात उभा करा, मेण वितळवून त्या जागी गुलाबी मसाला भरा, शिजवा, घासा, चाकावर चमकवा. खोलीभर पांढरी भुकटी. संध्याकाळी घरी आला की भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. बायको म्हणायची, "आले माझे आजोबा." आता वयच तेवढं व्हायला लागलंय, म्हणून हल्ली ती हा विनोद जपून करते.

बत्तीशी तसा मुखदुर्बळ. घरातलं सगळं बोलणं त्याच्या थोरल्या भावाच्या वाट्याला गेलं होतं. दादा बेकरीची पावाची गाडी चालवायचा. पहाटेपासून दारोदारी पाव टाकायचा आणि प्रत्येक दारात पावाबरोबर एखादा टोमणाही टाकायचा. हिरड्यांच्या दुखण्यानं त्याचे दात लवकरच गेले. कवळी करायची वेळ आली तेव्हा साहेब थेट मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले.

"हे बघ," दादा म्हणाला, "माझा डावीकडचा वरचा सुळा वाकडा होता. आठवतोय ना?"

"आठवतोय की. फोटोत तोच आधी यायचा."

"तो तसाच पाहिजे."

बत्तीशीनं हातातलं मेण खाली ठेवलं. "अरे दादा, लोक सरळ दात मागतात. फुकट मिळतोय तर सरळ घे ना."

"सरळ लावलास तर तुझी वहिनी मला दारातच विचारेल, आपण कोण, कुणाकडे आलात."

डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून डोकं घालून सांगितलं की असं कुणी करत नाही. दादा त्यांना म्हणाला, "बाई, तुम्ही माझं तोंड रिकामं असताना पाहिलंय, भरलेलं असताना नाही. भरलेलं आम्हाला ठाऊक." मग बत्तीशीनं मेणातला तो एक सुळा चिमटीत धरून फिरवला. दादा आरशात बघून म्हणे, "अजून. अजून थोडा. हं, आता थांब. आता मी दिसतोय." आणि कवळी शिजून तयार झाली त्या दिवशी खिशातून उकडलेलं कणीस काढून त्याच स्टुलावर करकरा खाऊन दाखवलं. अशी वाकडी करून घेतलेली कवळी जगात तेवढी एकच असणार.

पुढे त्या कवळीनं काय काय धिंगाणा घातला म्हणून सांगू! पोरं दिसली की दादा जिभेनं वरची कवळी पुढे ढकलायचा. पोरं किंचाळत पळायची आणि परत यायची, "पुन्हा, पुन्हा!" एखादी जड टोपली उचलायची असली की वरची कवळी काढून शर्टाच्या खिशात टाकायची, काम झालं की खिशातल्या धुळीसकट तोंडात. वहिनी ओरडायची, "अहो, धुवा तरी!" आणि रात्री ती जोडी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात, जाड काचेच्या निळ्या काठाच्या ग्लासात. त्या ग्लासातलं पाणी रोज सकाळी वहिनी बदलायची. त्या ग्लासाला दुसऱ्या कुणी हात लावला की तिला चालायचं नाही.

आणि मग नदीचं पाणी आलं.

कसं आलं ते सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना नको असतं आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटत नाही. दादानं पावाची गाडी रिकामी केली आणि खालच्या गल्ल्यांतली माणसं टेकडीवरच्या शाळेत नेऊन सोडायला लागला. म्हातारी माणसं, बाळं, एक शिलाईमशीन, एक पोपट. शेवटच्या खेपेला निघाला तेव्हा शाळेच्या दारातून लोक म्हणाले, नको जाऊस. तो म्हणाला, "आलोच." गाडी नंतर सापडली. कुंपणाला आडवी, दार उघडं. दादा सापडला नाही.

दार उघडं होतं, म्हणजे बाहेर पडला असेल. बाहेर पडला असेल, तर कुणी ओढून घेतलं असेल. पलीकडच्या काठाला लागला असेल, डोक्याला मार बसला असेल, नाव आठवत नसेल. असं सगळं घर बोलत होतं. वहिनी मात्र एकच बोलायची. न रडता, भांडी घासता घासता, चिखल खरवडता खरवडता.

"दात आहेत ना ह्यांच्यासोबत. मग खात असतील कुठंतरी."

लोकांना पटायचंसुद्धा. तोंडात दात घेऊन गेलेला माणूस उपाशी नाही, एवढं तरी बरं. बत्तीशी मात्र हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं फावडं घेऊन नुसता उभा राहिला.

कारण खालची कवळी त्याच्याकडे होती.

पाण्याच्या आधी थोडेच दिवस दादा गुपचूप मागच्या दारानं आला होता. रुमालात गुंडाळलेले दोन तुकडे टेबलावर ठेवून म्हणाला, "फरशीवर पडली. पोरांना नाच दाखवत होतो. हिला सांगू नकोस हं. खालची तोंडातच ठेवून झोपतो म्हणून सांगितलंय. फरशीनं आपटलं त्यापेक्षा जोरात ती मला आपटेल." खालची नाहीतरी त्याच्या तोंडात सैलच असायची, वरचीवर भागत होतं. बत्तीशीनं तुकडे सांधले, घासले आणि वरच्या फळीवर ठेवून दिले. दादा न्यायला येणार होता. पाणी खोलीत शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं, साचे विरघळून लापशी झाली, मोटर गेली, तयार दातांच्या पट्ट्या गेल्या. वरच्या फळीला पाणी शिवलं नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं, "वहिनी, खालची माझ्याकडे आहे." पण तिच्यासमोर चिखलाचा ढीग, हातात फडकं, आणि तोंडात ते एकच वाक्य. आज नको, उद्या सांगू. उद्याही तिनं तेच वाक्य म्हटलं. मग ते इतकं तिचं झालं की त्याला हात लावायची याची छाती होईना.

आता पुढची गोष्ट ऐका, म्हणजे हसावं की काय करावं ते कळेनासं होईल. लोक झोपेतून उठून पळाले होते, दात ग्लासांत, वाट्यांत, साबणाच्या डब्यांत तसेच राहिलेले. पाणी ओसरल्यावर गाळ उपसणाऱ्या टोळीला चमचे, चपला, बाहुल्या, तशा कवळ्याही सापडायला लागल्या. टोळीची मुकादमीण मोठी व्यवहारी बाई. तिनं एक बादली केली आणि आठवड्याच्या शेवटी आणून बत्तीशीच्या दारात ठेवली. "घे बाबा, तुझी पिलं."

त्यानं त्या उकळल्या, घासल्या, फडक्यावर मांडल्या. गावात बातमी पसरली. मग दवाखान्यापुढे म्हाताऱ्यांची ही रांग! कुणी तोंडात घालून बघतंय, कुणी शेजारणीला विचारतंय, "मला शोभते का गं?" एक आजोबा तर दुसऱ्याचीच घालून निघाले. बत्तीशी मागे धावला, "आजोबा, ही तुमची नाही हो!" आजोबा म्हणाले, "माहितीये. पण माझ्यापेक्षा चांगली आहे." दोन जावा फडक्यापुढे एका कवळीवरून भांडल्या आणि शेवटी ती निघाली तिसरीचीच. त्या दिवसांत गाव पहिल्यांदा हसलं ते बत्तीशीच्या दारात. तोही हसला, तोंडावर हात धरून. पण प्रत्येक बादली आली की आधी तो एकटाच आत न्यायचा, दार लावायचा आणि एकेक कवळी उलटी करून डावा सुळा बघायचा. सगळे सरळ असायचे. मग हाश्श करून दार उघडायचा.

वर्षातली मोठी सुट्टी तोंडावर आली होती. त्या दिवशी सगळं बंद असतं, आणि दादाच्या घरी सगळ्यांचं जेवण असतं. जेवणाआधी प्रत्येकानं उभं राहून कशाचे तरी आभार मानायचे, ही दादानंच लावलेली रीत. यंदा वहिनी काही करणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. तिनं उलट निरोप धाडला, "नेहमीसारखंच. वेळेवर या. खुर्च्या घेऊन या, आमच्या फुगल्यात."

सुट्टीच्या आदल्या दिवशी मुकादमीण आली. बादली नव्हती. कागदात गुंडाळलेलं एकच काहीतरी होतं.

"खालच्या पुलापाशी, जाळीत अडकलेल्या गाळात," ती म्हणाली. "एकच आहे म्हणून बादलीसाठी थांबले नाही."

त्यानं कागद उघडला. उलटी करून बघायची गरजच पडली नाही. गाळानं माखलेला तो वाकडा सुळा कागदातून आधी बाहेर आला, फोटोत यायचा तसा.

"आजूबाजूला अजून काही...?"

मुकादमिणीनं त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "काही नाही रे. खूप खणलं आम्ही. काही नाही."

तो कवळी घेऊन चौकीत गेला. तिथल्या हवालदारानं ती दोन बोटांनी उचलून पाहिली, परत ठेवली. "नुसत्या दातांवरून माणूस गेला असं नाही म्हणता येत," तो म्हणाला.

"म्हणजे आहे?"

"असंही नाही म्हणता येत." आणि हवालदारानं त्याला चहा विचारला. चौकीत माणसाला चहा विचारतात तेव्हा त्यांच्या हातात दुसरं काही नसतं.

तो तसाच खोलीवर आला. कवळी धुतली. चाक सुरू केलं, नवी मोटर कालपरवाच बसली होती. त्याच्या मनात एक वेडगळ विचार आला. हा सुळा घासून सरळ करायला कितीसा वेळ लागणार? मग ही कुणाचीच नाही. फडक्यावर ठेवली तर कुणी म्हातारा घालून निघूनही जाईल. चाक गरगरत होतं. त्यानं कवळी चाकाजवळ नेली. इतकी जवळ, की वारा बोटांना लागला. मग चाक बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिला. तेच ते स्टूल, कणसाचं.

बायकोला त्यानं सगळं सांगितलं. खालचीचंही, जे आजवर तिलाही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मला न सांगता इतके दिवस पोटात ठेवलंत? तुमच्या पोटात साधं तिखट राहत नाही."

"उद्या सांगू का वहिनीला?"

"उद्या? सणासुदीचं ती बाई उसन्या भांड्यांत स्वयंपाक करतेय आणि तुम्ही..." ती थांबली. "जेवण होऊ द्या. मग बघू."

"मग कधी?"

"मला काय विचारता? मला कळत असतं तर मी नसतं सांगितलं?"

सुट्टीच्या दुपारी ते खुर्च्या डोक्यावर घेऊन गेले. दादाच्या घराचा तळमजला अजून ओला वास सोडत होता. भिंतीवर विजेच्या बटणांच्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ, वहिनीनं कितीदा घासूनही न गेलेली. तिच्याखालचा रंग पोपडे सुटलेला. दार फुगल्यामुळे लागत नव्हतं, म्हणून त्याला दोरी. टेबलाचा एक पाय विटेवर. वरून पांढरी चादर घातली होती, आणि टेबलाच्या डोक्याशी दादाची खुर्ची. तिच्यासमोर ताट. आणलेल्या धरूनही खुर्च्या कमीच पडत होत्या, पण त्या खुर्चीवर बसायचं कुणी बोललं नाही.

दादाची लेक परगावाहून आली होती, पोरीला घेऊन. पोरगी पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. दारातच बत्तीशीला म्हणाली, "छोटे आजोबा, माझे पण दात करून द्याल?"

"तुझे आपोआप येतात गं राणी."

"मग मोठ्या आजोबांचे का नाही आले?"

लेक म्हणाली, "चल, हात धू." आणि डोळे पुसायला स्वतःच आधी गेली.

वहिनीनं कणसं केली होती. मोठं पातेलंभर. सार, भात, बटाटे, पाव. पाव बेकरीवाल्यानं पाठवले होते आणि निरोप दिला होता की गाडी दुरुस्त झाली, पण अजून कुणाला चालवायला दिली नाही. वहिनी ऐकून म्हणाली, "बरं केलं. दुसऱ्याच्या हाताला तो गिअर लागायचा नाही."

सगळे बसले. पहिला नेहमी दादा उठायचा. आता कोण? सगळे ताटाकडे बघत होते. तेवढ्यात ती पोरगी खुर्चीवर उभी राहिली आणि दादाच्याच हेलात, छातीवर हात ठेवून सुरू झाली.

"पहिले आभार माझ्या दातांचे! दुसरे, ज्यानं ते केले त्याचे! आणि तिसरे बायकोचे, कारण तिला तिसरी ठेवल्यावर ती कशी बघते ते बघा!"

दरवर्षी ह्या वाक्याला सगळे वहिनीकडे बघून हसायचे आणि वहिनी डोळे वटारायची. यंदाही सगळ्यांनी पाहिलं. वहिनीनं खरंच डोळे वटारले. रिकाम्या खुर्चीकडे. आणि मग सगळे हसले. रडल्यासारखं का होईना, पण हसले. बत्तीशीच्या खिशात कवळी होती, रुमालात. दुसरे आभार त्याचे होते.

लेक उठली. म्हणाली, आई वरच्या मजल्यावर होती म्हणून आभार. बत्तीशीची बायको म्हणाली, शेजारणीनं बावीस चमचे दिले तिचे आभार, आणि तिनं ते मोजून दिले म्हणून ते आभार मागे घेतले. पोरगी म्हणाली, शाळा बंद होती म्हणून आभार, पण आता उघडली तरी चालेल.

"भावजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही."

बत्तीशी उठला. त्याला वाटलं, हीच वेळ. सगळे आहेत, एकमेकांना धरतील. "माझे आभार," तो म्हणाला, "माझ्या खोलीतल्या वरच्या फळीचे. तिथं पाणी नाही आलं."

"काय होतं हो त्या फळीवर?" वहिनीनं विचारलं. तिनं दादाच्या ताटात कणीस वाढलं, चांगलं कोवळं निवडून.

त्यानं त्या कणसाकडे पाहिलं.

"काम," तो म्हणाला. "एकाचं काम होतं." आणि बसला. बायकोनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहू दिला.

"आई, तू?" लेक म्हणाली.

"माझं राहू दे. हे आले की एकदमच सांगेन. चला, सार गार होतंय."

जेवण झालं. काय खाल्लं ते बत्तीशीला विचारू नका. खालच्या नळाला अजून गढूळ पाणी यायचं, म्हणून हात धुवायला सगळे वर जात होते. सगळ्यांच्या शेवटी तो गेला. न्हाणीघरातल्या बेसिनवर, खिडकीच्या उजेडात, निळ्या काठाचा ग्लास. स्वच्छ, भरलेला. पाण्यावर साधी धूळसुद्धा नव्हती. रोज सकाळी कुणीतरी ते ओतून देत होतं आणि नवं भरत होतं.

त्यानं रुमाल काढला. कवळी हातात घेतली. ग्लासात सोडून खाली निघून जावं, बाकी पाणीच सांगेल, असं त्याच्या मनात आलं. त्याला बोलणं जमत नव्हतं, तेवढं तरी जमेल. हात ग्लासापर्यंत गेला.

"टॉवेल द्यायचा राहिला," मागून वहिनी म्हणाली.

तो वळला. कवळी तळहातावर. लपवायला वेळ नव्हता आणि लपवून करणार काय होता?

वहिनीनं टॉवेल खुंटीला लावला. जवळ आली. कवळी उचलली आणि अंगठा त्या सुळ्यावरून फिरवला, एकदा, दोनदा, जणू खात्री पटेपर्यंत.

"कुठं?"

"खालच्या पुलापाशी. गाळात. काल."

"अजून काही?"

"नाही."

वहिनी न्हाणीघरातली बादली उपडी घालून तिच्यावर बसली. खालून पोरीचा आवाज येत होता, कणसाचे दाणे मोजत होती आणि चुकत होती. बत्तीशी ओल्या हातांनी उभा. हिला धरावं का? पाणी द्यावं का? कुणाला हाक मारावी?

"ही वरची आहे," वहिनी म्हणाली.

"हं."

"वरचीच आहे." तिचा आवाज बदलला. "जड काही उचलायचं असलं की वरचीच काढून खिशात टाकायची सवय ह्यांना. कुणाला तरी उचललं असणार. तेव्हा पडली खिशातून. मी हजारदा सांगितलं, खिशाला बटण लावा. ऐकतील तर शपथ!" ती उठली. "खालची आहे ना ह्यांच्याकडे. पातळसातळ खात असतील. भागतं खालचीवर."

बत्तीशीचं तोंड उघडलं. वहिनी, खालची माझ्या फळीवर आहे. एवढंच तर होतं.

"वहिनी..."

"काय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वटारून नाही, नुसतं. त्याला कळेना ती ऐकायला थांबलीय की त्यानं बोलू नये म्हणून थांबलीय. आयुष्यभर माणसांची तोंडं बघितली ह्या माणसानं, पण डोळ्यांचं काही त्याला शिकवलं नव्हतं कुणी.

"काही नाही," तो म्हणाला. "घासून देतो. ओरखडे पडलेत."

"द्या. चाकावर नीट चमकवून द्या. सुळ्याला मात्र हात लावायचा नाही हं!" तिनं कवळी त्याच्या हातात ठेवली, ग्लासातलं पाणी ओतलं, नवं भरलं आणि खाली गेली.

तो जिन्यातच थांबला. खालून तिचा खणखणीत आवाज आला, "ऐका गं, माझे आभार राहिले होते ना? सांगते आता. ह्यांची वरची सापडली!"

खाली कुणाचा तरी चमचा पडला. लेक "आई" म्हणाली, नुसतं "आई". बत्तीशीची बायको जिन्याच्या तोंडाशी आली आणि वर बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, सांगितलंत का? त्यानं मान हलवली. तीही मग कठड्याला धरून उभी राहिली. एक वर, एक खाली, आणि मधल्या पायऱ्या रिकाम्या.

दवाखाना उघडल्यावर त्यानं कवळी घासली. ओरखडे गेले, गुलाबी रंग उजळला. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरची खालची उतरवली, तिला वरची लावून बघितली. चावा अगदी बरोबर बसला. दोन्ही मिळून ते दादाचं हसूच होतं, तळहातावर मावणारं, वाकड्या सुळ्यासकट. वरची एकटी द्यावी तर खालचीचं खोटं तसंच राहतं. दोन्ही द्याव्यात तर वहिनीकडे काहीच राहत नाही. त्यानं दोन्ही पुन्हा फळीवर ठेवल्या.

वहिनी दुसऱ्या दिवशी आली. पिशवी खांद्याला, दारातूनच विचारलं, "झाली का हो?"

बत्तीशीनं चाकाकडे बघत उत्तर दिलं. "थोडं काम राहिलंय, वहिनी."

तिनं खोलीभर नजर फिरवली. टेबल, चाक, नव्या साच्यांची रांग. नजर वर गेली, फळीपर्यंत, आणि तिथं क्षणभर थांबली, की त्यालाच तसं वाटलं, देव जाणे. मग तिनं पिशवी सारखी केली.

"सावकाश करा, भावजी," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"